केसपेपरवर माझं नाव

सातारा, १८ जून १९९५

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, असं धरून लिहायला घेते.

पाडव्याला तू फोन करून पाहिला असशील तर लागला नसेल. फोन बिघडलेला नाही. बाबांनी वायर कापलीय. आधी घरातली कापली, मग गच्चीवर चढून खांबाकडून येणारी. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला माणूस, कुठली वायर कापायची हे त्यांना कोणी सांगायला नको. फोनवर आता आईनं विणलेला रुमाल घातलाय आणि त्यावर फुलदाणी ठेवलीय. आल्यागेल्याला आई सांगते, तक्रार नोंदवलीय, माणूस येईल.

आधी आनंदाची बातमी. माझं लग्न ठरलं. मुलगा सांगलीचा, सुमंत नाव, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. कमी बोलतो. पाहायला आला तेव्हा त्यानं मला एकच प्रश्न विचारला, लग्नानंतर शाळेतली नोकरी चालू ठेवणार का. मी हो म्हटलं तर म्हणाला, बरं झालं. माघात मुहूर्त आहे. बाबा त्या दिवशी फार छान वागले. आईनं त्यांना सकाळपासून बजावून ठेवलं होतं.

तुझ्या जाण्याला येत्या गणपतीत तीन वर्षं होतील. वहिनीची पर्स बाबांनी पाहुण्यांसमोर पालथी केली, ही घरातल्या बातम्या बाहेर पोचवते म्हणाले, आणि तू दुसऱ्या दिवशी वहिनीला घेऊन भिलाईला निघालास. स्टँडवर तू म्हणालास, बाबांना डॉक्टरला दाखवा, तोवर मी या घरात पाऊल ठेवणार नाही. आईच्या मनात त्यातलं एकच राहिलंय, की पोरानं चारचौघांत बापाला वेडा म्हटलं.

तेव्हा बाबांना नुसता संशय यायचा. आता ऐकू येतं. एक बाई आणि एक पुरुष आहेत. ते बाबांवर नजर ठेवतात आणि आपसात बोलतात. मधुकर उठला. मधुकर पाणी प्यायला. मधुकर आता खिडकीशी जाईल. वायर कापल्यावर आवाज थांबतील असं बाबांना वाटलं होतं. थांबले नाहीत, तेव्हा त्यांनी काढलेला अर्थ असा की वायर घराच्या भिंतीत पुरलेली आहे. मधल्या खोलीचा गिलावा त्यांनी दोन ठिकाणी उकरलाय. आम्ही तिथे कॅलेंडरं लावलीत.

अक्षर वाकडं आलंय, कारण उजव्या हाताचं बोट दारात सापडलंय. काळजीचं काही नाही.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव. घरी आलेलं टपाल बाबा उजेडासमोर धरून बघतात.

अबोली


सातारा, ३० जुलै १९९५

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. त्यातली शेवटची, ‘डॉक्टरला दाखवलं का?’ ही सगळ्यात मोठी.

नाही दाखवलं. कसं दाखवायचं, सांग. आपल्या पेठेतल्या डॉक्टरांना मी घरी बोलावलं, सहज आल्यासारखे या म्हटलं. ते आले, चहा घेतला, बाबांचं ब्लडप्रेशर तपासलं. बाबा त्यांच्याशी तासभर क्रिकेटवर बोलले. जाताना डॉक्टर मला जिन्यात म्हणाले, मला तर काही वावगं दिसलं नाही, पण तू म्हणतेस तर सांगलीला एक मानसोपचारवाले आहेत, त्यांच्याकडून एकदा नीट तपासणी करून घे. साताऱ्यात कोणाला दाखवू नकोस, लग्नाची मुलगी आहेस.

मी धीर करून जेवताना विषय काढला. बाबांनी ताट सरकवलं नाही की आवाज चढवला नाही. शांतपणे म्हणाले, “हे मुकुलचं बोलणं आहे. तुला त्यांनी कधी गाठलं?” तेव्हापासून ते माझ्या हातचं पाणी हुंगून पितात.

आकाराम येऊन गेले. तुला आठवत असतील, बाबांच्या हाताखालचे लाइनमन, मेढ्याकडचे. बाबा अजून ऐकतात ते त्यांचंच. आकाराम भिंतीला कान लावून उभे राहिले, बराच वेळ. मग म्हणाले, “सायेब, मला काय बी ऐकू येत न्हाई. पर तुमी म्हनताय म्हंजी तुमाला येत आसंल. मी खोटं कशाला म्हनू?” बाबांचे डोळे भरून आले. जाताना आकाराम आईला म्हणाले, “वैनी, लाइनीत दोष आसला तर आमी खांबावर चढतू. मानसात दोष आसला तर कुठं चढायचं, ते डाक्तरलाच ठावं. लय दिस काढू नगा.”

आई म्हणाली, लग्न होऊ दे आधी.

बोटाचं खरं सांगते. मी फोनची वायर जोडायला गेले होते. बाबांनी मला खोलीबाहेर काढून दार लावलं. माझा हात फटीत आहे हे त्यांना दिसलं नाही, हे अगदी खरं आहे. मी ओरडले तेव्हा ते माझ्याआधी रडले. पण माझं ओरडणं थांबेना, बोटाचं दुखणं थांबल्यावरही थांबेना. तेव्हा बाबा आईला म्हणाले, “उमा, हिच्यावर परिणाम झालाय. त्यांनी आता हिला धरलं. हिला दाखवायला हवं.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. मी म्हटलं, “बाबा, मला झोप लागत नाही. सांगलीला एक डॉक्टर आहेत म्हणे. पण मला एकटीला भीती वाटते.”

ते म्हणाले, “एकटी कशी जाशील? मी आहे ना.”

अबोली


सातारा, २७ ऑगस्ट १९९५

दादा,

जाऊन आलो.

गाडी कराडला थांबली तेव्हा बाबांनी मला भजी आणून दिली, लहानपणी द्यायचे तशी, कागद दुमडून. माझ्या बाजूच्या खिडकीची काच त्यांनी बंद करून घेतली. वाटेभर त्यांनी माझा हात सोडला नाही. मला वाटत होतं, मी त्यांना फसवून नेतेय, आणि ते मला सांभाळून नेतायत.

दवाखाना विश्रामबागेत आहे, एका बंगल्याच्या खाली. खिडकीतल्या बाईंनी नाव विचारलं. बाबांनी सांगितलं. वय विचारलं, तेही बाबांनी सांगितलं. तक्रार काय विचारल्यावर म्हणाले, “ते डॉक्टरांनाच सांगेन.” केसपेपर माझ्या नावाचा निघाला. बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांतली एक निळ्या पातळातली बाई जरा जास्तच वेळ बघत होती.

डॉक्टर पन्नाशीचे असतील. त्यांनी मला विचारलं, काय होतंय? मी तोंड उघडायच्या आत बाबांनी सुरू केलं. दादा, बाबांनी सगळं सांगितलं. ती बाई, तो पुरुष, भिंतीतली वायर. एक्स्चेंज इलेक्ट्रॉनिक झालं तेव्हा जुनी बोर्डं भंगारात गेली आणि त्यांवर अडकलेली बोलणी कुठेतरी जाणारच होती, हेही. आपल्यापैकी कोणालाही त्यांनी इतकं कधी सांगितलं नव्हतं. फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणायचे, “आणि याचा त्रास हिला होतो.”

डॉक्टरांनी मग मला एकटीला बसवून घेतलं. म्हणाले, “पेशंट कोण ते मला कळलं. तुम्ही का आलात तेही कळलं.”

मी म्हटलं, औषध द्या, मी चहातून देईन.

ते म्हणाले, “पुष्कळ घरांत देतात. चहाची चव बदललेली त्यांना एकदा कळली, की ते तुमच्या हातचं काही घेणार नाहीत. मग तुमच्याकडे काय उरेल? दर महिन्याला घेऊन या. बोलू देत. एक दिवस ते स्वतःसाठी विचारतील.”

“आणि नाही विचारलं तर?”

त्यांनी केसपेपर पुढे ओढला. बाबांना कळू नये म्हणून माझ्या नावानं ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. निघताना त्यांनी विचारलं, “तुम्हाला खरंच झोप लागते का?” मी लागते म्हटलं.

अबोली


सातारा, २४ सप्टेंबर १९९५

दादा,

तुमच्याकडेही परवा गणपती दूध प्यायला का? इथे गुरुवारी सकाळपासून पेठेत रांग लागली होती. शाळा अर्ध्यात सुटली. मोठ्या बाई स्वतः वाटी-चमचा घेऊन गेल्या आणि रडत आल्या. आई दोनदा जाऊन आली. पेठेत अख्खा दिवस एकच माणूस देवळाच्या पायरीवर उभा राहून सांगत होता, “अहो, दगड आहे तो. चमचा टेकला की दूध खाली ओघळतं. पायाशी बघा, थारोळं साचलंय.” बाबा! लोक त्यांना हसत होते. कोणीतरी म्हणालं, “काका, घरी जा, डोकं तापलंय तुमचं.” मी त्यांना हात धरून आणलं. वाटेत मलाही हसू येत होतं, आणि हसता हसता भीती वाटली. त्या दिवशी ते एकटेच बरोबर होते, आणि माझ्याशिवाय कोणी मानायला तयार नव्हतं.

आता गोळ्यांचं. रात्रीचं जेवण झालं की बाबा स्वतः पाण्याचा पेला आणतात, गोळी तळहातावर ठेवतात आणि मी गिळली की बॅटरी घेऊन म्हणतात, “जीभ वर कर.” मी करते. ते तोंडात नीट बघतात. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवतात. मला उन्हात जाऊ देत नाहीत, शेजाऱ्यांकडे बसू देत नाहीत, रेडिओ ऐकू देत नाहीत. आई म्हणते, “सोस थोडं. बघ ना, किती निवळलेत.” खरंच निवळलेत. मला सांभाळायला लागल्यापासून त्यांनी भिंत उकरलेली नाही. मी आजारी आहे म्हणून ते बरे आहेत. आता मी बरी कशी होऊ?

आणि सोमवारी ते शाळेत गेले. मी पाचवीच्या वर्गावर होते. मोठ्या बाईंना ते म्हणाले, “मुलीची मानसिक तपासणी चालू आहे. तिला ताण देऊ नका. मुलांच्या आवाजाचा त्रास होतो.” किती व्यवस्थित बोलले असतील, तुला ठाऊक आहे. धुवून इस्त्री केलेला शर्ट, खिशाला पेन. बाईंनी मला बोलावून पाणी दिलं आणि म्हणाल्या, “अबोली, रजा घे. परत येताना डॉक्टरांचं पत्र आण, वर्गावर उभी राहायला हरकत नाही असं.” मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. त्या फार मायेनं म्हणाल्या, “हो, हो.”

हे ‘हो, हो’ तुला कधी कोणी म्हटलंय का, दादा? त्यापुढे काय बोलायचं असतं?

अबोली


सातारा, १२ नोव्हेंबर १९९५

दादा,

ती निळ्या पातळातली बाई सुमंतची लांबची मावशी निघाली.

त्याच्या वडिलांचा निरोप आला. डॉक्टरांनी काय निदान केलंय ते लेखी पाहिजे, मग पुढचं बोलू. आई म्हणते, अशक्तपणा होता म्हणून सांग, लग्नाआधी मुलींना होतं असं. बाबांचं नाव काढू नकोस, ते रक्तातलं समजतात, मग तुझंही गेलं आणि मुकुलच्या पोरांनाही उद्या तेच चिकटेल.

माझा आजार म्हटलं तर मी वेडी. बाबांचा म्हटलं तर वेड्याची मुलगी. मी सुमंतला खरं लिहायला बसले, आणि आईनं माझ्यासमोर ते पत्र चुलीत घातलं. तिनं आतापर्यंत माझ्यावर हातसुद्धा उगारलेला नाही.

तू येऊ शकशील का? दोन दिवस. हे वाक्य मी खोडणार होते. राहू देते.

अबोली


सातारा, ३ डिसेंबर १९९५

दादा,

तुझी तार मिळाली, सुट्टी नाही म्हणून. ठीक आहे.

ते परवा आले. सुमंत, त्याचे वडील आणि मामा. आईनं पोहे केले होते. डॉक्टरांनी मला तपासून पत्र दिलं होतं, मुलीला कसलाही मानसिक आजार नाही, सही-शिक्क्यासकट. सुमंतच्या वडिलांनी ते वाचलं आणि मामांकडे दिलं. मामांनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, “आजार नाही, तर मग दर महिन्याला जाता कशाला?”

आई म्हणाली, “अशक्तपणा होता.”

“अशक्तपणाला सांगलीला, तेही डोक्याच्या डॉक्टरकडे?” मग माझ्याकडे वळून, “बाळ, राग मानू नकोस. आज वार कुठला?”

मी सांगितला.

“शंभरातून सात वजा करत जा बरं. मोठ्यानं.”

सुमंतनं मान खाली घातली. मी त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता तो म्हणेल, मामा, पुरे. तो चहाची बशी फिरवत राहिला. मी वजा करायला सुरुवात केली. त्र्याण्णव. शहाऐंशी. तिथेच मी थांबले. मामांनी सुमंतच्या वडिलांकडे नुसतं बघितलं.

“रात्री आवाज वगैरे येतात?” मामांनी विचारलं.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. ते उठून उभे राहिले, आणि आई घाईनं म्हणाली, “तुम्ही आत जाऊन पडा बघू.”

“थांब, उमा.” बाबा मामांना म्हणाले, “तिला विचारू नका. तिला काही ऐकू येत नाही. मला येतं.”

मामांनी चष्मा काढला.

“डॉक्टरकडे मी तिला नेलं, कारण मला स्वतःसाठी जाता येत नव्हतं. एक बाई आहे आणि एक पुरुष आहे. आत्ताही बोलतायत. ती बाई म्हणतेय, मधुकर, गप्प बस, पोरीचं लग्न मोडेल. मी तिचं ऐकत नाहीये. माझ्या मुलीचं डोकं स्वच्छ आहे. तिनं माझ्यासाठी माझ्याच हातच्या गोळ्या खाल्ल्यात.”

दादा, खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली होती. म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते मी अजून विचारलेलं नाही.

सुमंतचे वडील उठले. वाईट माणूस नाही तो. बाबांना हात जोडून म्हणाले, “तुम्ही खरं बोललात, उपकार झाले. पण आम्हालाही पुढच्या पिढीचा विचार करायला हवा.” पोहे तसेच राहिले. सुमंत फाटकाशी थांबला, म्हणाला, “मी लिहितो.” मी म्हटलं, लिही.

ते गेल्यावर आई बाबांना खूप बोलली. आजवर साठवलेलं सगळं बोलली. बाबा ऐकत होते, की दुसरंच काही ऐकत होते, कोण जाणे. शेवटी मला म्हणाले, “ती बाई सांगत होती ते खरं झालं बघ. मोडलं.”

आता त्या बाईवर त्यांचा आणखीनच विश्वास बसलाय.

अबोली


सातारा, १८ फेब्रुवारी १९९६

दादा,

इतके दिवस लिहिलं नाही. सुमंतचं पाकीट आलं होतं. आत माझा फोटो होता, पाहायला आले तेव्हा दिलेला. सोबत चिठ्ठी नव्हती. मी तो फोटो शाळेच्या ओळखपत्रावर लावला.

बाबांची तपासणी झाली. त्यांच्या स्वतःच्या नावानं. जानेवारीत एक दिवस म्हणाले, “आकारामला बोलाव. सांगलीला जायचंय. तू नको येऊस, तुला पुष्कळ झालं.” मी गेले तरीही, मागच्या सीटवर बसले. आकाराम बाबांशेजारी बसून सबंध वाट ऊस, पाणी आणि नातवाच्या सैन्यभरतीबद्दल बोलत राहिले. दवाखान्याच्या दारात बाबांचं पाऊल अडलं तेव्हा म्हणाले, “चला सायेब. आपुन पावसात वाऱ्यात खांब हुबं केल्यात. ह्ये काय मोठं हाय?”

दोन दिवस तपासणी चालली. एका तरुण बाईनं त्यांना शाईच्या डागांची चित्रं दाखवली, गोष्टी सांगायला लावल्या, लांबलचक प्रश्न विचारले. आम्ही लॉजवर राहिलो. बाबा संध्याकाळी परीक्षेहून आलेल्या मुलासारखे सांगायचे, “दुसरा प्रश्न जरा फसवा होता.” डॉक्टरांनी मग आम्हा तिघांना बसवून सांगितलं. उतारवयात येणारा आजार आहे. त्याला औषध आहे. पूर्ण जाईल असं नाही, पण आवाज मागे हटतील. बाबांनी विचारलं, “मुलांना होतो का?” डॉक्टर म्हणाले, बहुतेक नाही. बाबा म्हणाले, “बहुतेक.”

गोळ्या सुरू होऊन महिना होत आला. हात कापतात, चहा सांडतो, दुपारी फार झोपतात. चेहरा जरा पाटीसारखा झालाय, हसू उशिरा येतं. पण आवाज खरंच मागे गेलेत. परवा मी शाळेतून आले तर अंधारात बसून होते. मी दिवा लावला. म्हणाले, “फार शांत झालंय गं. कोणीच नाही.” मी म्हटलं, चांगलं ना बाबा? ते म्हणाले, “हो. चांगलंच की.” आणि मग, “ती बाई माझं नाव घ्यायची. आता दिवसभर कोणी नाव घेत नाही.”

आई त्यांना ‘अहो’ म्हणते, मी बाबा म्हणते. एक्स्चेंजमधले सगळे त्यांना साहेब म्हणायचे. मधुकर म्हणणारं खरंच कोणी उरलेलं नाही.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. वहिनीबद्दलचं त्यांच्या मनातून गेलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, आवाज जातात, पण एखादी समजूत तशीच राहून जाते. मी बाबांना विचारलं, वहिनी खरंच बातम्या पोचवायची असं अजून वाटतं? बराच विचार करून म्हणाले, “डॉक्टर नाही म्हणतात. पण तिच्या पर्समध्ये ती पेन्सिल कशाला होती?” तू यायचं ठरवलंस तर हे माहीत असू दे. वहिनीला सांगायचं की नाही, ते तू ठरव.

अबोली


सातारा, १ जून १९९६

दादा,

वहिनीचं पत्र आलं. तिनं बाबांसाठी हात थरथरू नये म्हणून कसली कसली पथ्यं लिहिलीत, आणि तळाशी, ‘पेन्सिल भुवयांची होती, सांगा त्यांना.’ मी सांगितलं. बाबा म्हणाले, “असेल,” आणि मग पहिल्यांदाच नीट हसले. विश्वास बसला की नाही, मला सांगता येणार नाही.

शाळेनं मला परत कसं घेतलं, हे तुला लिहिलं नव्हतं. डॉक्टरांचं पत्र पाहिलं, फायलीला लावलं आणि मला वाचनालयात बसवलं. वर्ग दिला नाही. पालक विचारतात, मोठ्या बाई म्हणाल्या. मी पुस्तकांना नंबर घालते. मधल्या सुट्टीत पाचवीतल्या मुली दारातून डोकावतात आणि मी वर बघितलं की पळतात. मोठ्या बाई अजून ‘हो, हो’ म्हणतात. पेठेत जाताना कोणी हाक मारली तर तिच्यात माझी चौकशी किती आणि चाचणी किती, हे मी मोजायला लागलेय. दुकानदार सुटे पैसे माझ्या हातावर जरा सावकाश ठेवतो, असं मला वाटतं. खरंच ठेवतो का, की मला वाटतं? हा प्रश्न मला पडला त्या दिवशी मी फार घाबरले.

मागच्या महिन्यात बाबांची गोळी बदलून घ्यायला गेलो, तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं, मला झोप लागत नाही. आणि सगळं सांगितलं. बाबा बाहेर बाकावर बसून होते. मी आत इतका वेळ होते की त्यांनी दोनदा दार वाजवलं. डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला बाबांचा आजार नाही. तुम्ही फार दिवस एका जागी कोंडून राहिला आहात. माझ्याकडे याला गोळी नाही.”

सांगलीला एका मुलींच्या शाळेत जागा निघाली होती, वसतिगृहात राहायची सोय आहे. एप्रिलमध्ये अर्ज केला होता. मुलाखतीत मी स्वतःच सांगितलं, माझ्याबद्दल साताऱ्याहून काही कानावर आलं तर ते असं असं आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, “आमच्याकडे गणित घ्यायला कोणी नाही. गणित जमेल?” जमेल म्हटलं.

आईला सांगितलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझी ट्रंक झाडून उन्हात ठेवली. आकाराम म्हणालेत, “ताई, तुमी जावा. मी आठवड्यातनं दोन येळंला यीन. सायबांस्नी फिरवून आनीन.” गोळ्या देणं आईनं अंगावर घेतलंय. पण तीही आता साठीला आलीय, आणि अजून शेजाऱ्यांना सांगते की त्या ब्लडप्रेशरच्या आहेत.

काल संध्याकाळी बाबा अंगणात तुळशीला पाणी घालत होते. हात कापतो म्हणून तांब्या दोन्ही हातांनी धरतात. मला म्हणाले, “मुकुलला कळवलंस, तू जातेस म्हणून?”

“अजून नाही.”

“कळव. पण ये म्हणू नकोस.”

“का?”

“तू माझ्यासाठी अडकलीस. आता त्याला कोणी अडकवायचं नाही.”

म्हणून ये म्हणत नाही, दादा. सोमवारी सकाळच्या गाडीनं मी सांगलीला जातेय. सोमवारपासून या घरात ती दोघंच असतील. तेवढं तुला माहीत असावं.

अबोली